करारापलीकडचे ऋण

देवगाव रंगारीस फुटबॉलचा क्लब नाही. कन्नड तालुक्यातील या आमच्या गावी मुले संध्याकाळी शाळेच्या मैदानावर कबड्डी खेळतात, व्हॉलीबॉल खेळतात, आणि क्रिकेट तर कोठेही खेळतात. फुटबॉल त्यांस ठाऊक आहे तो बहुधा पडद्यावरचा. तेव्हा फुटबॉलच्या क्लबांचे धनी, त्यांचे वारंवार बदलणारे प्रशिक्षक आणि त्यांच्या खेळाडूंचे भवितव्य या विषयावर आम्ही लेखणी उचलावी याचे वाचकांस नवल वाटल्यास ते गैर नव्हे. पण हा प्रश्न आमच्या दारी चालत आला; आणि ज्या रूपाने तो आला त्या रूपात तो केवळ फुटबॉलचा राहिला नव्हता.

आमचे एक जुने विद्यार्थी याच गावी शेती पाहतात. त्यांचा मुलगा लहानपणापासून चपळ. छत्रपती संभाजीनगरास शिकावयास असता एका शालेय स्पर्धेत तो कोणा पारख्याच्या नजरेस पडला, आणि चौदाव्या वर्षी परप्रांतातील एका क्लबाने त्यास आपल्या कुमार-संघात घेतले. क्लबाचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. वडील सल्ला विचारण्यास आमच्याकडे आले. 'अशी संधी पुन्हा यावयाची नाही, पाठवावे', असे आम्ही सांगितले. पुढे अडीच वर्षांत त्या संघाचे तीन प्रशिक्षक झाले, आणि एका उन्हाळ्यात कुमार-संघ बंद केल्याचे पत्र आले. मुलगा पत्र्याची पेटी घेऊन घरी परतला. त्याच्या बरोबरीची मुले तोवर बारावीस पोचली होती. याचे दहावीचे दोन विषय राहिले होते.

वडील पुन्हा आमच्याकडे आले, ते सल्ल्यासाठी नव्हे. ते म्हणाले, "सर, त्यांनी आमचा एक पैसा बुडवला नाही. पोराचं खाणंपिणं, कपडालत्ता सगळं नीट केलं. कागदावर लिहिलं होतं तसेच वागले. मग मला एवढा राग कशाचा येतो, तेवढं सांगा."

त्या दिवशी आम्हांस उत्तर सुचले नाही. तीस वर्षे तर्कशास्त्र व नीतिशास्त्र शिकविणाऱ्या माणसास हे भूषणावह नाही. ज्याने करार मोडला नाही, पैसा बुडविला नाही, असत्य भाषणही केले नाही, त्याने अन्याय केला असे म्हणता येते काय. आणि येत असल्यास तो अन्याय कोणता, हा तो प्रश्न होय.

प्रथम धन्यांची बाजू ऐकू. ती दुबळी करून मांडावी आणि मग खोडावी हा वादातला सोपा मार्ग आहे, परंतु तो न्याय्य नाही. मुंबईचा महिंद्र कंपनीचा संघ १९६२ साली निघाला. २००५-०६ च्या मोसमात त्याने राष्ट्रीय लीग जिंकली. महाराष्ट्रातील संघाने हे यश मिळविण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यानंतर चारच वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने तो संघ विसर्जित केला. पंजाबातील फगवाड्याच्या जे. सी. टी. गिरणीचा संघ १९७१ चा. १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग त्याने जिंकली होती. २०११ मध्ये तोही बंद झाला. या धन्यांचा वकील म्हणेल : 'आम्ही चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास वर्षे पदरचे पैसे घालून संघ पोसला. प्रवेशाच्या तिकिटांतून मैदानावरील चुन्याचा खर्चही निघत नव्हता. तेव्हा कोणी आभार मानावयास आले नाही. बंद केल्यावर मात्र सर्वजण गाऱ्हाणे घेऊन आले. चाळीस वर्षे पाणपोई चालविणाऱ्याने एकेचाळिसाव्या वर्षी ती मिटली तर त्यास पापी म्हणावे काय?'

हा युक्तिवाद हलका नाही. दात्याने दान अनंत काळ चालवावे असे कोणतेही नीतिशास्त्र सांगत नाही. ज्याने काही दिले त्याच्यावरच न दिल्याचा आरोप यावा, आणि ज्याने जन्मात काही दिले नाही तो निर्दोष ठरावा, हा तर उघड अन्याय होईल. म्हणून क्लब बंद करण्याचा हक्क धन्यास आहे, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. मुलाच्या वडिलांनीही ते नाकारले नव्हते.

परंतु पाणपोईचा दृष्टांत येथे नीट लागू पडत नाही. वाटसरू पाणपोईवर येतो, पाणी पितो आणि आपल्या वाटेने जातो. पाणपोईने त्यास आपले गाव सोडावयास सांगितलेले नसते. आपली विहीर बुजवावयास सांगितलेले नसते. क्लब मात्र चौदा वर्षांच्या मुलास म्हणतो, 'घर सोड, शाळा मागे टाक, सकाळ-संध्याकाळ आमच्या मैदानावर ये. बाकीची मुले जे करतात ते तू करू नकोस.' हे मागणे गैर आहे असे नव्हे. गायनात, मल्लविद्येत, वेदपठणात हेच मागितले जात आले आहे. पण असे मागणारा केवळ दाता राहत नाही. तो घेणाराही होतो. आणि जे घेतो ते परत करता येण्याजोगे नसते. चौदा ते सतरा ही वर्षे व्याजासह परत करील अशी पेढी कोठे आहे?

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. फुटबॉलच्या जागतिक महासंघाच्या नियमांत अशी तरतूद आहे की, खेळाडू व्यावसायिक झाला म्हणजे ज्या क्लबांनी त्यास बाराव्या ते एकविसाव्या वर्षापर्यंत शिकविले, त्यांस त्या शिक्षणाबद्दल भरपाई मिळावी. नियम चांगला आहे. लहान क्लबांस त्याने आधार मिळतो. पण त्याचा अर्थ पाहा. क्लबाने मुलात काय गुंतविले याचा हिशेब ठेवण्याची सोय जगाने केली आहे. मुलाने क्लबात काय गुंतविले याचा रकाना त्या खतावणीत नाही. आमच्या शेतकरी मित्राचा राग या कोऱ्या रकान्याचा होता, असे आम्हांस आज वाटते. करार पाळला गेला, कारण करारात मोजता येईल तेवढेच लिहिलेले होते. जे मोजता येत नव्हते ते विश्वासावर दिले होते. आणि विश्वास हा दस्तऐवज नसल्यामुळे त्याचा भंग झाला असे कोठेही नोंदले गेले नाही.

ही एका मुलाची गोष्ट नव्हे. आपल्या पुणे शहराचेच उदाहरण घ्या. २००७ साली अशोक पिरामल उद्योगसमूहाने तेथे 'पुणे एफ. सी.' हा क्लब काढला. पाच-सहा वर्षांत तो देशातील अग्रगण्य संघांत जाऊन बसला; २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये त्याचा दुसरा क्रमांक आला, आणि त्याच्या कुमार-संघाने तर आपल्या गटाची राष्ट्रीय स्पर्धा एकाहून अधिक वेळा जिंकली. २०१५ मध्ये त्याचा मुख्य संघ बंद झाला. कल्याणी समूहाचा 'भारत एफ. सी.' २०१४-१५ चा एकच मोसम खेळून मिटला. 'डी. एस. के. शिवाजियन्स' २०१५ मध्ये आय-लीगमध्ये आला आणि दोन मोसमांनंतर, २०१७ मध्ये, बाहेर पडला. २०१४ साली थाटामाटाने निघालेला 'एफ. सी. पुणे सिटी' २०१९ मध्ये संपला. पाच वर्षांत एका शहरातून चार क्लब गेले. प्रत्येकाचे कारण निराळे. कोणाची लीग बदलली, कोणाचे द्रव्य आटले. प्रत्येक कारण एकेकटे पाहिल्यास समजण्याजोगे आहे. पण चारही वेळा त्या कारणांची किंमत ज्यांनी मोजली त्यांचा ती कारणे घडविण्यात काडीचाही हात नव्हता.

यांपैकी शेवटच्या क्लबाची कथा तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यास विशेष बोधप्रद आहे. पुण्याचा क्लब संपला, पण इंडियन सुपर लीगमधील त्याचे आसन संपले नाही. ते नव्या मालकांनी घेतले आणि २०१९ मध्येच 'हैदराबाद एफ. सी.' या नावाने तो संघ मैदानात उतरला. पुण्याचे शेवटचे प्रशिक्षक फिल ब्राऊन तिकडे गेले, काही खेळाडूही गेले. २०२१-२२ चे विजेतेपद हैदराबादने मिळविले. पुढे तेथेही वेतने थकली, पुन्हा मालक बदलले, आणि २०२५ मध्ये ते आसन दिल्लीस जाऊन 'स्पोर्टिंग क्लब दिल्ली' झाले. आता प्रश्न असा की, पुण्याच्या ज्या प्रेक्षकाने पाच वर्षे गळा कोरडा होईतो आपल्या संघास हाका मारल्या, त्याचा संघ आज कोठे आहे?

आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी नागसेनवन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या द्वारे तेथे १९५० साली महाविद्यालय काढले, त्याचे नाव मिलिंद महाविद्यालय. ज्या भिक्षूचे नाव त्या परिसरास आणि ज्या राजाचे नाव त्या महाविद्यालयास मिळाले, त्या दोघांचा संवाद प्रसिद्ध आहे. नागसेन यवन राजा मिलिंदास विचारतो, 'तू रथातून आलास. तर रथ म्हणजे काय? चाके म्हणजे रथ? आस म्हणजे रथ? जू म्हणजे रथ?' राजा प्रत्येकास 'नाही' म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की, हे सारे भाग एकत्र आले म्हणजे त्यास रथ हे नाव व्यवहाराने मिळते. क्लबासंबंधी हाच प्रश्न करून पाहावा. खेळाडू म्हणजे क्लब काय? ते दर दोन वर्षांनी जातात. प्रशिक्षक? तो त्याहून लवकर जातो. मैदान भाड्याचे, गणवेशाचा रंग मालकाच्या मर्जीचा. मालक म्हणेल, 'मग क्लब म्हणजे मी. कारण कागदावर माझे नाव आहे.'

नागसेनाच्या उत्तराचा आधार घेऊन कोणी असेही म्हणेल की, क्लब हा निव्वळ व्यवहाराचा शब्द. आत काही नाही. मग तो मोडला म्हणून रडता कशाला? पण आम्हांस त्या संवादाचा अर्थ उलट दिसतो. जी वस्तू व्यवहाराने उभी आहे, ती व्यवहार करणाऱ्यांच्या निष्ठेनेच उभी असते. डोंगर आपल्या आधाराने उभा राहतो. त्यास वचनाची गरज नाही. क्लब, शाळा, विवाह, राज्यघटना, या सर्व गोष्टी माणसांनी एकमेकांस दिलेल्या शब्दावर उभ्या आहेत. तो शब्द काढून घ्या, आणि खाली चाके, आस आणि जू तेवढी उरतात. ती मग पुण्याहून हैदराबादेस आणि हैदराबादेहून दिल्लीस वाहून नेता येतात. जे वाहून नेता आले नाही तोच क्लब होता.

इंग्लंडात हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. लंडनच्या विंबल्डन उपनगराचा क्लब १८८९ चा. १९८८ मध्ये त्याने तेथील सर्वांत जुना चषक, एफ. ए. कप, जिंकला होता. मालकांनी तो मिल्टन कीन्स या दूरच्या नव्या शहरी हलविण्याचे ठरविले आणि २००२ मध्ये त्यांस तशी परवानगी मिळाली. त्याच वर्षी त्या उपनगरातील प्रेक्षकांनी आपला नवा क्लब काढला, आणि बऱ्याच खालच्या पायरीपासून आरंभ करून नऊ वर्षांत तो वरच्या व्यावसायिक लीगमध्ये नेला. पुढे २००७ मध्ये मिल्टन कीन्सच्या क्लबाने जुन्या क्लबाची सन्मानचिन्हे विंबल्डनच्या स्थानिक संस्थेकडे परत केली. कायद्याने क्लब हलला होता. पण क्लब कोणाचा याचा निवाडा शेवटी दोन्ही पक्षांनी एकच केला.

आता प्रशिक्षकांच्या बदलाकडे वळू. कारण क्लब बंद करणे हे जर मोठे विश्वासभंगाचे कृत्य असेल, तर वरचेवर प्रशिक्षक बदलणे हे त्याचेच धाकटे रूप आहे. एफ. सी. पुणे सिटीने पाच मोसमांत फ्रांको कोलोंबा, डेव्हिड प्लॅट, आंतोनियो आबास, रांको पोपोविच, मिगेल आंखेल पोर्तुगाल आणि फिल ब्राऊन असे सहा मुख्य प्रशिक्षक पाहिले. मधल्या काळातील हंगामी कारभार निराळा. याउलट गोव्याच्या डेंपो क्लबाकडे पाहावे. २००४-०५ पासून २०११-१२ पर्यंत त्याने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले, आणि पाचही वेळा प्रशिक्षक एकच, आर्मांदो कुलासो. या पाच विजयांच्या मध्ये अपयशाचे मोसमही होते. त्या मोसमांत त्यांस निरोप देण्याचा मोह चालकांस झाला नसेल असे नाही. पण तो त्यांनी आवरला, एवढे खरे.

परंतु यावरून 'प्रशिक्षक बदलू नये' असा नियम काढणे घाईचे होईल. मुंबई सिटी क्लबाचे उदाहरण विरुद्ध बाजूस आहे. सर्जिओ लोबेरा यांच्या हाताखाली २०२०-२१ मध्ये त्याने लीगचे अग्रस्थान व विजेतेपद दोन्ही मिळविली. ते गेले, डेस बकिंगहॅम आले आणि २०२२-२३ चे अग्रस्थान मिळाले. २०२३ च्या नोव्हेंबरात, मोसम अर्धाही झाला नसता, बकिंगहॅम इंग्लंडातील क्लबाकडे गेले; त्यांच्या जागी पेत्र क्रातकी आले, आणि त्याच मोसमाचे अखेरचे विजेतेपद पुन्हा मुंबईनेच जिंकले. तेव्हा बदल हाच दोष नव्हे. शिवाय बदल नेहमी मालकच करतो असेही नाही. प्रशिक्षकही उत्तम जागा दिसताच उठतो, आणि त्याच्या मागे राहिलेल्या मुलांस त्याचा अर्थ तितकाच कळतो.

मग दोष कशात आहे? आमच्या मते बदल कोणाच्या चुकीसाठी झाला आणि त्याचे ओझे कोणावर पडले, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत जे अंतर असते त्यात तो आहे. खेळाडू निवडले धन्याने, घाई केली धन्याने, संघ घडण्यास दोन वर्षे लागतात हे माहीत असून सहा आठवड्यांत विजय मागितला धन्याने. आणि चार सामने हरल्यावर निरोप मिळाला प्रशिक्षकास. पूर्वी गावावर रोगराई आली म्हणजे बोकड बळी देत. रोग त्याने बरा होत नसे, पण काहीतरी केल्याचे समाधान लाभे. प्रशिक्षक निदान भरपाई घेऊन दुसरीकडे जातो. तरुण खेळाडूचे काय? ज्या डोळ्यांनी त्यास वर्षभर पाहिले, त्याचा डावा पाय सुधारतो आहे हे ज्यांनी ओळखले, ते डोळेच निघून जातात. नवा मनुष्य येतो, त्यास कोरी पाटी हवी असते. मुलगा पुन्हा पहिल्या इयत्तेत बसतो. आमच्या शेतकरी मित्राचा मुलगा अडीच वर्षांत तीनदा पहिल्या इयत्तेत बसला होता. पहिल्याने त्यास बगलेवर धावावयास शिकविले, दुसऱ्याने मागे बचावास उभे केले, तिसऱ्यास त्याचे नाव नीट पाठ होण्यापूर्वीच पत्र आले.

खेळाडूंच्या भवितव्याचा विचार करता जुन्या काळची एक व्यवस्था आठवते. मुंबईत कूपरेजच्या मैदानावर ज्या संघांनी नाव केले, त्यांतील बरेच कचेऱ्यांचे वा गिरण्यांचे होते : टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, पश्चिम रेल्वे, पुढे एअर इंडिया. तेथे खेळाडू हा नोकर असे. खेळाच्या दिवसांत त्यास सवलत मिळे, आणि पाय थकले म्हणजे टेबल-खुर्ची त्याची वाट पाहत असे. वेतन बेताचे, पण रस्ता लांबवर दिसत असे. २०१३ मध्ये अखिल भारतीय महासंघाने व्यावसायिक क्लबाच्या अटी पुऱ्या होत नाहीत म्हणून एअर इंडिया आणि ओ. एन. जी. सी. हे दोन संघ आय-लीगमधून वगळले. खेळाच्या प्रगतीसाठी ते आवश्यक होते असे म्हणणारे जाणते लोक आहेत, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. कचेरीचा संघ गावाचा संघ होत नाही, त्याच्यामागे प्रेक्षक उभा राहत नाही. पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. नव्या व्यवस्थेने वेतन वाढविले आणि रस्ता आखूड केला. २०२५ च्या जुलैत महासंघ व लीगचे व्यापारी चालक यांच्यातील कराराचे पुढे काय, हे ठरेना म्हणून येणारा मोसमच अनिश्चित काळासाठी तहकूब झाला, आणि पुढच्याच महिन्यात एका नामांकित क्लबाने आपल्या पहिल्या संघाचे वेतन थांबविले. ज्यांची भांडणे होती त्यांची घरे चालूच होती. तिशी ओलांडलेल्या खेळाडूचा एक मोसम बुडणे म्हणजे काय, हे मात्र आम्हां पेन्शनीच्या वाटेवरील लोकांस सहज उमगणार नाही.

यावर उपाय काय? कोणी कोल्हापूरकडे बोट दाखवील, आणि ते दाखविण्याजोगे आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही तेथील संघांची नावेच सांगतात की, येथे क्लब पेठेचा आहे. शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे पेठ उठून जाते. तेथे कोणी एक धनी सकाळी उठून 'उद्यापासून तालीम बंद' असे म्हणू शकत नाही. म्हटले तर पेठ त्यासच बाहेर काढील. पण या चित्राचीही दुसरी बाजू लपवू नये. जेथे क्लब सर्वांचा असतो तेथे वैरही सर्वांचे असते. समर्थकांच्या हुल्लडीने तेथील सामने थांबल्याचे प्रसंग एकदाच घडलेले नाहीत. शिवाय पेठेचे प्रेम मुलास एका उंचीपर्यंतच नेते. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव देशासाठी खेळला. पण त्या पायरीवर चढण्यासाठी पेठेबाहेर पडावेच लागते. जर्मनीने १९९८ मध्ये मधला मार्ग काढला : क्लबाने कंपनी काढावी, धनिकाचे भांडवल घ्यावे, परंतु मतांचे आधिक्य क्लबाच्या सभासदांच्या हाती राहिले पाहिजे. पैसा धनिकाचा, पण शेवटचा शब्द सभासदांचा. आपल्याकडे असे केव्हा होईल ते सांगवत नाही. आणि नियम झाला तरी नियमाच्या आतील माणूस जुनाच राहील.

म्हणून आम्ही कायद्याच्या अलीकडे, निव्वळ कर्तव्याच्या भाषेत, तीन ऋणे सांगतो. ज्याने तरुणांचे आयुष्य आपल्या संस्थेत मागून घेतले, तो त्यांचा धनी नसून विश्वस्त झाला. विश्वस्ताने पद सोडू नये असे नाही. परंतु सोडताना पहिले ऋण पूर्वसूचनेचे : मुलास दुसरी वाट शोधण्यास पुरेल इतका अवधी. दुसरे ऋण सोपवणुकीचे : ज्याच्या हातून शिकत होता त्याच्या हातून दुसऱ्या हातात त्यास नेऊन देणे, रस्त्यावर सोडणे नव्हे. आणि तिसरे ऋण, जे आरंभीच फेडावयाचे असते, ते सत्याचे : 'शंभर मुलांतून एखादाच पुढे जातो, उरलेल्यांसाठी म्हणून शाळा सोडू देणार नाही', हे घेतानाच सांगणे आणि तसे वागणे. महाविद्यालयात आम्ही प्रथम वर्षास विद्यार्थी घेतला म्हणजे तृतीय वर्षाचा वर्ग चालविण्यास बांधले जातो. त्या वर्गात तो एकटा उरला तरीही. क्लबाने याहून अधिक करावे असे आमचे म्हणणे नाही. याहून कमी मात्र करू नये.

इतके लिहून झाल्यावर आमच्या ध्यानी आले की, ही तिन्ही ऋणे आम्हांसही लागू आहेत. त्या मुलास पाठवावे असा सल्ला आम्ही दिला, तेव्हा क्लबाची स्थिती काय, त्याच्या शाळेचे काय, संघ मोडल्यास पुढे काय, यांतील एकही प्रश्न आम्ही विचारला नव्हता. 'संधी' या शब्दाने आम्ही भारावून गेलो होतो. वडिलांनी सही केली ती क्लबाच्या शब्दावर कमी आणि आमच्या शब्दावर अधिक. क्लबाचा करार तरी लेखी होता. आमचा तर विश्वासच होता, आणि तो आम्ही किती स्वस्तात घेतला!

गेल्या महिन्यात आम्ही त्यांच्या शेतावर गेलो आणि त्यांस हे सर्व सांगितले. राग कशाचा येतो याचे उत्तर उशिरा का होईना, दिले. आणि त्या रागातील आमचा वाटाही कबूल केला. त्यांनी ऐकून घेतले. थोड्या वेळाने म्हणाले, "सर, तुमच्यावर राग नव्हता. पण तुम्ही बोललात ते बरं झालं." मुलाचे दहावीचे दोन्ही विषय सुटले आहेत, तो आता बारावीस आहे. त्यास इंग्रजी शिकविण्याचे आम्ही पत्करले आहे, असे लिहिणार होतो. पण त्याने इंग्रजी नको, गणित शिकवा असे सांगितले. गणित आम्हांस येत नाही. तेव्हा कन्नडच्या एका गणिताच्या शिक्षकांकडे आम्ही स्वतः त्यास नेऊन पोचविले.